उडत्या नौकेखालचे पाणी

प्रतिकृती बनविण्याचा छंद असलेल्या मंडळींची एक जुनी खोड आहे. विमानाच्या अंगावरील एकेक रिव्हेट ते भिंगातून न्याहाळतात, रंगाची छटा जमेना म्हणून रात्री जागवतात आणि सगळे पार पडल्यावर ते विमान एखाद्या पॉलिश केलेल्या पाटावर ठेवून मोकळे होतात. चाकांच्या विमानाला हे खपून जाते. चाके टेकली की विमान उभे राहिले. खाली सिमेंट आहे की सागवान, हे पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. पाण्यावर उतरणारे विमान मात्र पाटावर ठेवले की उन्हाळ्यात कोरड्या घाटावर ओढून ठेवलेल्या होडीसारखे केविलवाणे दिसते. त्याच्या पोटाचा नौकेसारखा आकार, पंखांच्या टोकांशी लोंबणारे फ्लोट, माथ्यावर उंच उचलून धरलेली इंजिने, या साऱ्यांचे कारण एकच, ते म्हणजे पाणी. आणि नेमके तेच गैरहजर! जलविमानाची बैठक हा प्रतिकृतीचाच निम्मा भाग समजला पाहिजे. ती कशी करावी, आणि करताना आपण कोठे कोठे नकळत खोटे बोलतो, हे एका प्रत्यक्ष उदाहरणाने सांगण्याचा येथे विचार आहे.

आमच्या विज्ञान मंडळाने उदाहरण निवडले ते कॅटालिना विमानाचे. अमेरिकेतील कन्सॉलिडेटेड कंपनीने बनविलेले, आयझॅक लॅडन यांच्या आराखड्याचे हे विमान प्रथम उडाले ते २८ मार्च १९३५ रोजी. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणे, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणे, शेकडो मैलांच्या गस्ती घालणे अशी सर्व कष्टाची कामे त्याने केली. वेग बेताचा, रूप तर त्याहून बेताचे. पण चिकाटी विलक्षण. पंखांचा पसारा ३१.७ मीटर, लांबी साडेएकोणीस मीटरांच्या आतबाहेर आणि प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिने. १:७२ या प्रमाणात पंख ४४ सेंटीमीटर आणि अंग २७ सेंटीमीटर होते, म्हणजे कपाटाच्या एका खणात मावेल इतके.

या विमानाची निवड करण्यामागे आणखी एक कारण होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. युद्ध पूर्वेकडे भडकले तेव्हा, १९४२ मध्ये, सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला, आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे दुरुस्ती-केंद्र म्हणून सोपविण्यात आला. दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत कॅटालिनाही असत. आता समुद्रापासून कित्येक कोस दूर, नऊशे मीटरांच्या आसपास उंचीवर वसलेल्या बंगळुरात उडती नौका उतरणार कोठे? ती उतरे बेळ्ळंदूरच्या तलावात. शेतीसाठी बांधलेले हे जुने, विस्तीर्ण तळे कारखान्यापासून जवळच. जे विमान आपण परदेशी सिनेमात निळ्या महासागरावर पाहतो, ते आपल्याच राज्यातल्या एका गावतळ्यावर उतरत होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. प्रतिकृती करायची तर मग ती बेळ्ळंदूरच्याच पाण्यावर, असे त्याच दिवशी ठरून गेले.

(ग्वाल्हेरकर वाचकांना त्यांच्या गावचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. १९३८ च्या सुमारास इंपीरियल एअरवेजच्या शॉर्ट एम्पायर जातीच्या उडत्या नौका कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करीत कलकत्त्याला जात. त्या विमानाची बैठक करणाऱ्याला पुढची सारी पथ्ये तशीच लागू पडतील. पाण्याचा रंग तेवढा स्वतः जाऊन पाहावा.)

पहिला प्रश्न उभा राहतो तो पाण्यावर की काठावर, हा. उडत्या नौकेच्या पोटाखाली मध्यावर एक आडवी पायरी असते. विमान वेग घेऊ लागले की पोट पाण्यावर उचलले जाते. या पायरीपाशी पाणी पोटाला सोडते, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि विमान पाण्याच्या मिठीतून सुटते. पायरी नसती तर मागच्या वक्र भागाला पाण्याने ओढून धरले असते आणि कितीही इंजिने गरजली तरी विमान उठले नसते. म्हणजे उडत्या नौकेचे सारे मर्म या पायरीत, आणि विमान पाण्यात ठेवले की झाकली जाते तीच! काठावर ओढून घेतलेले विमान दाखविले तर पायरी दिसते, पण मग तलाव उरत नाही. आमच्यात यावर चांगली दोन दिवस वादावादी झाली. काही लोक पोट पाणरेषेवर सरळ कापून टाकतात आणि वरचा भाग बैठकीवर चिकटवतात. काम सोपे होते, पण ज्या अवयवासाठी विमान प्रसिद्ध, तोच कापून फेकायचा हे मनाला पटेना. शेवटी असे ठरले की पोट अखंड ठेवायचे, बैठकीत त्याच्या मापाचा खळगा करायचा, आणि विमान त्यात नुसते बसवायचे, चिकटवायचे नाही. पाहुण्यांना ते पाण्यावर दिसावे. आणि कोणी विचारलेच, तर अलगद उचलून पायरी दाखवावी.

खळगा किती खोल करायचा? येथे बहुतेक प्रतिकृती फसतात. पोटावर रंगाची जी रेघ असते तीच पाणरेषा समजून विमान तेथपर्यंत बुडविले जाते. परंतु विमान किती बुडेल हे त्याच्या वजनावर अवलंबून असते, रंगाऱ्यावर नव्हे. रिकाम्या कॅटालिनाचे वजन साडेनऊ हजार किलोंच्या जवळपास; इंधन, बॉम्ब, माणसे यांसह ते सोळा हजारांपर्यंत जाई. दुरुस्तीला आलेल्या विमानात बॉम्ब नसणार, इंधनही बेताचेच. आम्ही ११,२०० किलो धरले. आता घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ७२ चा घन ३,७३,२४८. त्याने भागले की प्रतिकृतीचे योग्य वजन निघते ३० ग्रॅम. अख्ख्या विमानाचे वजन चमच्याभर साखरेच्या हिशेबात आले हे पाहून मुले हसली. पण हिशेब बरोबर आहे. प्लास्टिकचे विमान मात्र, पंख वगैरे जोडल्यावर, याच्या तिपटी-चौपटीने जड भरते, कारण प्लास्टिकच्या भिंती प्रमाणाने फारच जाड असतात. ते तसेच पाण्यात सोडले तर खोल बुडेल आणि खोटी पाणरेषा दाखवील.

यावर आर्किमिडीजच धावून आला. नुसते पोट, म्हणजे अंगाचे दोन अर्धे भाग, टेपने जोडले आणि चाकांचे खळगे व फटी मेणाने बुजविल्या. त्याचे वजन भरले ४६ ग्रॅम. त्यातले ३० ग्रॅम पाण्याने उचलायला हवेत. उरलेल्या १६ ग्रॅमांचा भार आपण वरून उचलून धरायचा. किराण्याच्या दुकानातील साधी तागडी दाराच्या चौकटीला टांगली. तिचे एक पारडे काढून तेथे दोऱ्याने पोट लटकावले, आणि काढलेल्या पारड्याची भरपाई आधी करून घेतली. दुसऱ्या पारड्यात १६ ग्रॅमांची वजने ठेवली आणि पोटाखाली पाण्याची परात धरून ती पुस्तकांच्या थरांवर हळूहळू वर आणली. दांडी सपाट झाली त्या क्षणी पाणी बरोबर ३० ग्रॅम उचलत होते. तेथे पाणी पोटाला जेथे टेकले ती खरी पाणरेषा. दोरा बांधण्याची जागा मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. विमानाचा गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या हिश्शावर असतो; दोरा तेथे बांधून, पोट हवेत सपाट लटकेपर्यंत आत मळलेली चिकणमाती पुढेमागे सरकवावी. ही माती धरूनच ४६ ग्रॅम भरतात, हे सांगायला नकोच.

पहिल्या खेपेला आमचे उत्तर चुकले. पाणी पोटाच्या कडेने वर चढलेले होते की खाली दबलेले, हेच कळेना. पृष्ठताणामुळे पाण्याची कड दोन मिलिमीटरांनी वरखाली होते. आणि ७२ ने गुणले की ती चूक होते वीतभराच्या जवळपास. खऱ्या तलावात पृष्ठताण तेवढाच असतो, पण विमान ७२ पट मोठे असल्यामुळे तो जाणवत नाही. परातीत भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि पोट आधी त्याच पाण्याने पुसून घेतले, तेव्हा कड सपाट झाली. नाकाजवळ, पायरीजवळ आणि मागे, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीचे ठिपके करून ते नंतर जोडले. पायरीपाशी पोट सेंटीमीटरभरच बुडते. हा एक सेंटीमीटर मिळविण्यात दोन दुपारी गेल्या, पण आमच्या मते साऱ्या बैठकीतला सर्वांत खरा भाग तोच आहे.

आता फ्लोट. कॅटालिनाचे फ्लोट उड्डाणात वर वळून पंखांची टोके बनतात आणि उतरताना खाली येतात. ते कशासाठी? नौका अरुंद; इंजिने, पंख आणि पंखांतले इंधन डोक्यावर. अशी वस्तू पाण्यात सरळ उभी राहू शकत नाही. डोक्यावर भरलेली घागर घेऊन तराफ्यावर उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती एका बाजूला झुकणारच. फ्लोट तिला सावरतात. पण दोन्ही फ्लोट एकाच वेळी पाण्यात सारखे बुडालेले क्वचितच दिसतात. उभे विमान बहुधा किंचित कलते आणि एका फ्लोटवर रेलते. आमच्या बैठकीत डावा फ्लोट पाण्यात आहे आणि उजवा पाण्यापासून सुटा. प्रदर्शनात निदान दहा जणांनी ‘अहो, तुमचे विमान वाकडे बसले आहे’ असे सांगितले. ते वाकडे बसले आहे म्हणूनच सरळ आहे, असे उत्तर देऊन देऊन आम्ही थकलो.

वारा ही त्यानंतरची गोष्ट. विमान तलावात बोयाला दोराने बांधलेले असले की वाऱ्यावरच्या कोंबड्याप्रमाणे ते आपले तोंड वाऱ्याकडे फिरवते. म्हणजे लहरी नाकाकडून शेपटीकडे जायला हव्यात आणि त्यांच्या रेषा विमानाला आडव्या असायला हव्यात. बैठक घाईत केली की लहरी कोणत्याही दिशेने निघतात आणि विमान जणू वाऱ्याशी भांडण झाल्याप्रमाणे आडवे उभे राहते. लहरींच्या उंचीचेही तसेच. मंद वाऱ्यात तळ्यावर उठणारी सात-आठ सेंटीमीटरांची लहर १:७२ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर भरते. हौसेने अर्ध्या सेंटीमीटराच्या लाटा काढल्या तर त्या प्रत्यक्षात छत्तीस सेंटीमीटरांच्या होतात, आणि शांत गावतळ्यात एकदम अरबी समुद्र येऊन बसतो! शिवाय लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या हिश्शाहून अधिक झाली की ती फुटते. म्हणून उंच, टोकदार आणि तरीही न फुटलेल्या लाटा निसर्गात नाहीत, फक्त प्लास्टरमध्ये आहेत.

ज्यांना विमान बांधलेले नको, पाण्यावर हळूहळू चाललेले हवे, त्यांच्यासाठी एक सोपा नियम आहे. खोल पाण्यातून जाणाऱ्या वस्तूमागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी जी नक्षी उमटते, तिची प्रत्येक बाजू मार्गाशी साडेएकोणीस अंशांचा कोन करते, मग ती वस्तू बदक असो वा आगबोट. लॉर्ड केल्विन यांनी हे गणिताने दाखविले. कोनावर प्रमाणाचा परिणाम होत नाही, त्यामुळे बैठकीवरही तो तसाच काढायचा. मात्र मग प्रोपेलर फिरताना दाखवावे लागतात, आणि ते काम अजून कोणाला मनासारखे जमलेले आम्ही पाहिलेले नाही. आम्ही इंजिने बंद ठेवली, पंखावर एक मेकॅनिक बसविला आणि सुटलो. तो मेकॅनिक उभा राहिला तर २४ मिलिमीटर भरेल. विमान केवढे आहे हे पाहणाऱ्याला त्याच्याकडे बघून जेवढे कळते, तेवढे लेबलावरच्या आकड्यांनी कळत नाही.

पाण्याच्या रंगावरून आमच्यात खरा झगडा झाला. डबीतला निळा रंग समोर होता आणि पाणी निळे असते असे लहानपणापासून चित्रकलेच्या वहीत शिकलेलो. आकाशाचे प्रतिबिंब पाण्यात दिसते हे खरे, पण ते दूरवरच्या, तिरक्या नजरेला. काठावर उभे राहून समोरच्या तीरापाशी पाहिले तर पाणी आकाशासारखे दिसते, आणि पायाशी पाहिले तर तळासारखे. सरळ वरून किंवा पंचेचाळीस अंशांतून पाहिले तर पाणी प्रकाशाचा शेकडा दोन-तीनच भाग परत पाठविते. बाकीचा आत शिरतो आणि आतल्या गाळाचा, शेवाळाचा रंग घेऊन वर येतो. टेबलावरची प्रतिकृती आपण पाहतो ती वरूनच, विमानातून पाहावी तशी. म्हणून निळा रंग बाद. गावाबाहेरच्या दोन-तीन तळ्यांवर हिवाळ्यातल्या सकाळी सायकलीने जाऊन, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर रंग लावून ते पाण्याशेजारी धरून पाहिले. जुळला तो शेवाळी हिरवा आणि मातकट तपकिरी यांचा मिलाफ, काठाकडे थोडा तांबूस. काहींना तो डबक्यासारखा वाटला. दख्खनच्या तळ्याचा रंग तोच आहे, त्याला आमचा इलाज नाही.

एकदा पाणी गढूळ ठरले की साहित्याचा प्रश्न निम्मा सुटतो. हल्ली सर्वत्र पारदर्शक रेझिन ओतण्याची पद्धत आहे. निळ्याशार लगूनसाठी ते उत्तम. पण ज्या पाण्यातून तळ दिसत नाही त्यासाठी महागडे पारदर्शक द्रव्य ओतून वर ते गढूळ करायचे, हा द्राविडी प्राणायाम झाला. हे शहाणपण आम्हाला आधी सुचले नाही, हेही कबूल करतो. पहिली बैठक आम्ही इपॉक्सी रेझिनचीच केली. मे महिन्याची दुपार, आणि थर ओतला एकदम इंचभर जाडीचा. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडते. थर जाड असला की ती बाहेर पडत नाही आणि तापमान चढत जाते. तासाभरात भांड्याला हात लावता येईना, पाणी पिवळे पडून मधोमध तडकले, आणि सरावासाठी खळग्यात ठेवलेले जुने पोट मऊ होऊन एका बाजूला बसले. डब्यावर थराची जाडी स्पष्ट छापलेली होती. आमची वाचायची तयारी नव्हती. रेझिनच वापरायचे असेल त्यांनी पातळ थर, प्रत्येक थरानंतर पुरेसा अवकाश आणि थंड वेळ एवढे सांभाळावे. आणि पॉलिएस्टर रेझिन तर थर्माकोलजवळ वा प्रतिकृतीजवळ आणूच नये. त्यातील स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवते; थर्माकोल पॉलिस्टायरीनच, आणि बाजारातल्या बहुतेक किटचे प्लास्टिकही तेच.

दुसरी बैठक अशी केली. १२ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर जाडीचे प्लायवुडचे दोन तुकडे, प्रत्येकी ५० बाय ४० सेंटीमीटर, घेतले. पेन्सिलीने काढलेल्या पाणरेषेवरून पोटाची बाह्याकृती कागदावर उतरविली आणि जाड तुकड्यात फ्रेटवर्कच्या करवतीने, दोन मिलिमीटर सैल ठेवून, कापून काढली. मग त्याखाली पातळ तुकडा चिकटविला. आपोआप १२ मिलिमीटर खोल खळगा तयार. प्लायवुडला खालून, वरून आणि कडांनाही वॉर्निश दिले. आमच्याकडच्या पावसाळ्यात एकाच बाजूने रंगविलेली फळी गणपतीपर्यंत पापडासारखी वाकते, याचा अनुभव घरोघरी आहे. त्यानंतर लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचा लगदा खळग्यात भरला, पोटाला स्वयंपाकघरात डब्यावर ताणतात तसला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळला, आणि पाणरेषा फळीच्या पृष्ठाशी येईपर्यंत ते लगद्यात दाबले. दोन दिवसांनी पोट उचलले तर पायरीसकट हुबेहूब साचा उमटलेला. डाव्या फ्लोटसाठीही असाच एक छोटा साचा केला. कल लक्षात ठेवून हे दोन्ही एकाच वेळी दाबावे लागतात, नाहीतर विमान खळग्यात बसते आणि फ्लोट हवेत राहतो.

लहरींसाठी साधा टिश्यू पेपर वापरला. निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल फळीवर लावायचा, त्यावर कागद पसरायचा आणि ओल्या ब्रशने तो विमानाच्या आडव्या दिशेने हलकेच ढकलत जायचा. बारीक, समांतर सुरकुत्या आपसूक पडतात. वाळल्यावर जेथे मिलिमीटरपेक्षा उंच वाटल्या तेथे पॉलिश पेपरने घासल्या. विमानाच्या शेपटीमागे वाऱ्याच्या आडोशाला पाणी जरा सपाट ठेवले. मग रंग, आधी गडद, नंतर काठाकडे उजळ, आणि शेवटी चकचकीत वॉर्निशचे तीन पातळ हात. या वॉर्निशने जादू होते. त्यापूर्वी ती रंगविलेली फळी असते. तिसऱ्या हातानंतर खिडकीचे प्रतिबिंब त्यात हलू लागते आणि ते पाणी होते. विमानाचा रंग मात्र पूर्ण मंद ठेवावा. दोघेही चकाकू लागले तर डोळा दोघांवरही विश्वास ठेवत नाही. पाणरेषेच्या लगेच वर, पोटावर, मिलिमीटरभर रुंदीची वॉर्निशची रेघ ओढली. पाणी लागून ओले झालेले अंग असेच दिसते, आणि पोट व साचा यांमधली फटही ती लपविते.

चिन्हांविषयी एक सूचना. त्या काळी ब्रह्मदेशाच्या आघाडीकडील ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरही लालच गोळा. गडद आणि फिकी निळी एवढेच दोन रंग राहिले. किटमध्ये मिळणारी लाल मध्याची चिन्हे येथे लावली तर युरोपातले विमान बेळ्ळंदूरला आल्यासारखे होईल.

बैठक महाविद्यालयाच्या प्रदर्शनात ठेवली त्या दिवशीचा एक प्रसंग. बंगळूरहून पाहुणा म्हणून आलेला एक विद्यार्थी बराच वेळ पेटीपाशी उभा होता. लेबल त्याने दोनदा वाचले आणि मग कानडीत विचारले, ‘सर, नोरे यल्ली?’ फेस कोठे आहे? त्याचे घर त्या तलावाच्या बाजूलाच. त्याला माहीत असलेला बेळ्ळंदूर म्हणजे सांडपाण्याने भरलेले पाणी आणि वाऱ्याबरोबर रस्त्यावर उडत येणारे पांढऱ्या फेसाचे ढीग. २०१५ च्या मे महिन्यात त्या फेसाला आग लागल्याचे साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचले; २०१७ आणि २०१८ मध्येही तलावावर आगी लागल्या. त्याला आम्ही चेष्टा केली असे वाटले नाही; आमच्याकडून तपशील राहून गेला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटले होते. त्याला खळग्यातून विमान उचलून पायरी दाखविली, साचा दाखविला, तागडीचा हिशेब सांगितला. त्याने पायरी पाहिली, मान हलविली आणि पुन्हा पाण्याकडेच बोट केले: ‘हे असे होते? उतरता येईल इतके?’ आम्ही विमानाचे वजन ग्रॅमपर्यंत मोजले होते. पाण्याविषयी एवढा थेट प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. हो, एवढेच म्हणालो.

तो गेल्यावर लेबल बदलले. आधी त्यावर विमानाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि तलावाचे खाली बारीक अक्षरांत होते. आता वरच्या ओळीत ‘बेळ्ळंदूर तलाव, १९४४’ असे मराठी आणि कानडीत आहे; कॅटालिना खालच्या ओळीत गेली. पितळी पट्टीवर कोरून घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून जाड कागदावर शाईने लिहून वर वॉर्निश दिले आहे.

राहता राहिली पेटी. धूळ हा प्रतिकृतीचा कायमचा शत्रू, आणि चकचकीत पाण्यावर ती दुप्पट दिसते. काचेची पेटी जड होते, अॅक्रिलिकची हलकी, पण तिला ओरखडे पडतात. आम्ही काच घेतली आणि वरचे झाकण उचलता येईल असे ठेवले. थेट ऊन येणाऱ्या खिडकीपासून पेटी दूर ठेवावी, वॉर्निश पिवळे पडते. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाकावी. आणि पायरी पाहण्यासाठी विमान उचलायचे झाले तर पंखांना धरू नये. दोन बोटांनी पोटाला, पंखाच्या खांबाच्या जरा मागे धरावे आणि आधी डावी बाजू उचलावी, म्हणजे फ्लोट साच्यात अडकत नाही.